फ्यूज शाबूत, तरी वायरिंग जळतं: पिकअपबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

पिकअप चालवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "वायरिंग गरम होतंय म्हणून घाबरू नका. गाडीत 12 व्होल्टच असतात, त्याने आग लागत नाही. फ्यूज शाबूत असला की वायरिंग ठीक. फ्यूज सारखा उडत असेल तर 15 चा काढून 30 चा टाका. जादा लाइट लावायचे असतील तर बॅटरीवरून थेट जाड वायर ओढा. चावी काढली की धोका संपला. आणि इंजिन गरम होत असेल तर तो रेडिएटरचा प्रश्न, वायरिंगचा काही संबंध नाही."

मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. हा सल्ला पाळून झालेल्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि तोपर्यंत बहुतेकदा अर्धा लूम, म्हणजे वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, जळालेला असतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"12 व्होल्टने आग लागत नाही." 12 व्होल्टचा शॉक बसत नाही, एवढं खरं. पण अंगाला झटका बसणं वेगळं आणि वायर पेटणं वेगळं. वायर तापते ती करंटमुळे, आणि व्होल्टेज कमी असलं की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. 60 वॅटचा दिवा 230 व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर घेतो, 12 व्होल्टवर तोच 5 अँपिअर घेतो. सेल्फ मारताना तर बॅटरीतून शेकडो अँपिअर निघतात. सेल्फकडे जाणाऱ्या त्या जाड केबलला बऱ्याच गाड्यांत फ्यूजच नसतो. ती घासून चासीला टेकली तर मध्ये अडवणारं काही नाही. तांबं लाल होतं, वरचं प्लास्टिक पेट घेतं. टर्मिनल खोलताना ज्याचा पाना एकदा चासीला लागलाय, त्याने ती ठिणगी पाहिलेली आहे.

"फ्यूज शाबूत म्हणजे वायरिंग ठीक." माझा सगळ्यात मोठा आक्षेप या वाक्याला आहे, कारण समजूतदार माणसंही यावर विश्वास ठेवतात.

फ्यूजला एकच गोष्ट कळते: आपल्यातून किती करंट गेला. कुठला कपलर (दोन वायरी जोडणारा प्लास्टिकचा खटका) वितळतोय हे त्याला कळायला मार्ग नाही. आणि पिकअपमध्ये उष्णता बहुतेकदा वायरच्या मधोमध नाही, जोडात तयार होते. सैल झालेली पिन, हिरवा कळंक चढलेलं टर्मिनल, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेली वायर, चासीवर रंगाच्या थरावरच आवळलेला अर्थिंगचा (करंट चासीतून बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेचा) स्क्रू, या त्या जागा.

हिशेब करून बघा. रेडिएटरच्या फॅनच्या लाइनमधून 20 अँपिअर जातायत आणि कपलरची एक पिन सैल होऊन तिथे 0.1 ओहमचा रोध, म्हणजे करंटला अडथळा, आलाय. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध: 20 गुणिले 20 गुणिले 0.1, म्हणजे 40 वॅट. सोल्डरिंगची छोटी आयर्न 25 वॅटची असते आणि ती कथिल वितळवते. इथे त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या कपलरच्या आत कोंडलेली. फ्यूजला काय दिसलं? काहीच नाही. रोध वाढल्यामुळे करंट उलट थोडा कमीच झाला. फ्यूज तसाच बसून राहतो आणि कपलर वितळत जातो.

एका पिकअपचा फ्यूज बॉक्स मी उघडला तेव्हा 20 अँपिअरच्या पिवळ्या फ्यूजचं प्लास्टिक एका पायाकडून तपकिरी होऊन खाली ओघळलं होतं. आतली पट्टी मात्र अखंड. मीटर लावला, फ्यूज चालू. मालक म्हणाले, "फ्यूज गेलेलाच नाही, मग हा जळका वास कसला?" फ्यूज उपसला तेव्हा कळलं. त्याचा पाय धरणाऱ्या चिमट्याच्या दोन पात्यांपैकी एक निळसर काळं पडलं होतं आणि त्यात ताणच उरला नव्हता. पात्याची पकड सैल झाली की जोड तापतो, तापला की पात्याचा ताण आणखी जातो, पकड आणखी सैल होते. असं कित्येक दिवस चाललेलं असतं. तिथे नवा फ्यूज खोचून भागत नाही, चिमटाच बदलावा लागतो, मागच्या वायरीचा कडक झालेला तुकडा कापून.

असा जोड शोधायचा तर मीटर ओहमवर ठेवून उपयोग नाही. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध एवढा असतो की 0.1 ओहम त्यात बुडून जातो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, तो लोड (त्या लाइनवरचा पंखा किंवा दिवा) चालू करा, आणि दोन टोकं त्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावा. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या जवळ राहतो. अर्थिंगच्या पूर्ण वाटेवर मी 0.2 व्होल्टच्या वर गेलं की खोलतो. वरच्या उदाहरणातल्या पिनेवर 2 व्होल्ट दिसतील. लोड बंद ठेवून हेच मोजलं तर सगळं छान दिसतं, आणि नेमकं तसंच मोजून "वायरिंग ओके" सांगणारे फार आहेत.

आणखी एक. 15 चा फ्यूज 15 च्या वर गेल्या क्षणी उडतो असंही नाही. दहा टक्के जादा करंट तो तासन् तास सोसतो. दुप्पट झाला तर मात्र साधारण पाच सेकंदांच्या आत जातो.

"15 उडतो, 30 टाका." फ्यूजचा आकडा वायरीची जाडी बघून ठरवलेला असतो. वायर तीच ठेवून निळ्याच्या (15) जागी हिरवा (30) फ्यूज टाकला, तर 30 अँपिअरपर्यंत आता कुणी अडवणार नाही, आणि करंट दुप्पट म्हणजे उष्णता चौपट. त्यातून ती वायर एकटी नसते. लूममध्ये वीस-पंचवीस वायरी एकत्र बांधलेल्या, वर टेप, वर नळी. उष्णता बाहेर पडायला जागा नाही. एक तापली की शेजारणीचं आवरण मऊ होतं, दोन वायरी आतल्या आत चिकटतात, आणि मग वायपर लावला की हॉर्न वाजायला लागतो.

फ्यूज सारखा उडतोय म्हणजे कुठेतरी वायर घासलीय किंवा मोटर जड झालीय. पिकअपमध्ये आधी मागे बघा. टेललाइटचा लूम चासीच्या कडेने, सायलेन्सरच्या शेजारून, पाट्यांच्या (मागच्या स्प्रिंगच्या) वरून जातो. हौदा रिकामा असताना आणि भरलेला असताना पाट्यांची उंची वेगळी. क्लिप तुटलेली असेल तर नेमक्या भरल्या गाडीत वायर दबते, आणि गॅरेजमध्ये रिकाम्या गाडीत फॉल्ट सापडत नाही. म्हणून मालकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: फ्यूज उडाला तेव्हा माल होता का?

"बॅटरीवरून थेट जाड वायर ओढा." जाड वायर घेणं बरोबर, तिला फ्यूजशिवाय ठेवणं घातक. वायर जितकी जाड तितका शॉर्ट झाल्यावर जास्त करंट जाणार. फ्यूज हवा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं. वायर तांब्याचीच आहे ना तेही बघा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला तशीच, पण तिचा रोध साधारण दीडपट.

नवी वायर न ओढता नुसते मोठे बल्ब बसवणं तर त्याहून वाईट. हाय बीमला 60 वॅटचे दोन बल्ब मिळून 10 अँपिअर घेतात. 100 वॅटचे दोन बसवले की जवळजवळ 17. जुन्या वायरीत आणि स्विचमध्ये उष्णता पावणेतीन पट. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला की हा भार स्विचवरून उतरतो, रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही.

"चावी काढली की धोका संपला." बॅटरीला जोडलेल्या कित्येक वायरी चावी काढल्यावरही जिवंत असतात. अमेरिकेत फोर्डने सप्टेंबर 2005 मध्ये सुमारे 38 लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या, त्या याच कारणाने. क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद करणारा एक स्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर बसवलेला होता आणि त्याला कायम करंट होता. आतला पडदा फुटून ब्रेक ऑइल स्विचच्या विजेच्या भागात झिरपायचं, तिथे गंज चढायचा, स्विच तापायचा. इंजिन बंद करून उभ्या केलेल्या गाड्यांनी पेट घेतला. उपाय म्हणून त्या स्विचच्या लाइनमध्ये स्वतंत्र फ्यूज असलेली वायर जोडण्यात आली. त्या लाइनला मूळचा फ्यूज होताच. छोट्या स्विचच्या मानाने तो मोठा होता, एवढंच.

जळका वास आला असेल तर गाडी "सकाळी बघू" म्हणून घराला टेकून उभी करू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

"इंजिन गरम होण्याशी वायरिंगचा संबंध नाही." ज्या पिकअपमध्ये रेडिएटरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, तिथे पंख्यापुरतं हे खरं आहे. पण पंखा इलेक्ट्रिक असेल तर वरचा 2 व्होल्टचा हिशेब पुन्हा लावा. पंखा फिरताना दिसतो, फक्त हळू फिरतो. रेडिएटर साफ करून, कूलंट बदलून, थर्मोस्टॅट बदलूनही काटा चढतो आणि दोष त्या एका कपलरमध्ये असतो. काही वेळा इंजिन गरम नसतंच. हेडलाइट लावल्याबरोबर तापमानाचा काटा टुणकन वर जात असेल, तर एका क्षणात कूलंट तापत नाही. ती अर्थिंगची तक्रार आहे.

पिकअपमध्ये अर्थिंग नाजूक, कारण केबिन आणि इंजिन दोन्ही रबरी माउंटिंगवर असतात. त्यांना चासीशी जोडणारी विणीव तांब्याची पट्टी तुटली की करंट दुसरी वाट धरतो. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंद पेटतो, तो मागच्या दिव्याची अर्थिंग गेल्यामुळे. इंजिनची पट्टी तुटली तर सेल्फचा सगळा करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत येतो. केबलचं आवरण आतून वितळतं आणि क्लच जड होतो. मेकॅनिक केबल बदलतो. महिन्याभरात नवीही जाते. केबल दुसऱ्यांदा बदलायच्या आधी बोनेट उघडा, इंजिनकडून चासीकडे जाणारी ती पट्टी शोधा, दोन्ही टोकांचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातूवर ती आवळा, आणि सेल्फ मारताना इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह किती व्होल्ट दिसतात ते मोजा.