पॅटर्नमधल्या पांढऱ्या रेघांबद्दलच्या रिव्ह्यूला क्लासकडून उत्तर

नमस्कार ताई. आमच्या कापड-डिझाइनच्या क्लासची फी वाया गेली असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंत, वाचून वाईट वाटलं. तुमच्या तीन तक्रारी आहेत: घरी फाइल उघडली तर टाइलच्या (ज्या तुकड्याची पुन्हा पुन्हा जोडणी करून पॅटर्न बनतो, त्याच्या) सांध्यावर पांढऱ्या रेघा दिसतात, पहिला अख्खा दिवस एकाच टाइलमध्ये गेला, आणि इलस्ट्रेटर हे ड्रॉइंगचं विकतचं सॉफ्टवेअर सोडून तसंच फुकटचं इंकस्केप शिकवलं.

आधी रेघांचं बघू. फाइल उघडा आणि भरपूर झूम करा. रेघ केसाएवढीच राहिली किंवा मधेच गायब झाली, तर डिझाइनमध्ये फट नाही. दोन टाइलची कड एकाच पिक्सेलच्या मधोमध आली, की पहिली टाइल त्यात अर्धा रंग भरते आणि दुसरी उरलेल्याच्या अर्धा. रंग होतो ७५ टक्के, बाकी २५ टक्क्यांतून मागचं पांढरं दिसतं. झूमबरोबर रेघ रुंदावत गेली, तर मात्र ती खरी फट. प्रत्येक टाइलला वेगळा बॅकग्राउंड देऊ नका, सगळ्या बुट्ट्यांखाली (छोट्या नक्षींखाली) एकच सलग चौकोन टाका, रेघा जातील.

छपाईसाठी पीएनजी (पिक्सेलची इमेज) काढताना मात्र सांभाळा. ३२ सेंमीची टाइल ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे ३७७९.५ पिक्सेल होते. तो अर्धा पिक्सेल कापडावरही रेघ उमटवू शकतो. २५४ डीपीआय ठेवा, बरोबर ३२०० येतात.

एका टाइलला दिवस देतो, तो याचसाठी. रोटरी छपाईत कापडावर फिरणाऱ्या नळीसारख्या स्क्रीनचा घेर बहुधा ६४० मिमी असतो. रिपीट, म्हणजे डिझाइन पुन्हा सुरू होतं ते अंतर, ६४, ३२ किंवा १६ सेंमीचा असेल तर त्यात बसतो; ३० चा केला तर प्रोसेसवाला (कापड छापणारा) डिझाइन परत पाठवणार. डाव्या कडेवर कापलं गेलेलं पान उजव्या कडेवर नेमकं ३२ सेंमीवर पुन्हा यावं लागतं, आणि ते माउसनं अंदाजे सरकवून जमत नाही, आकडा टाकूनच हलवावं लागतं. इचलकरंजीत कापडाचं काम करायचं तर हे हातात बसायलाच हवं. तो दिवस मी कमी करणार नाही.

इलस्ट्रेटर उत्तमच आहे. २०१२ च्या सीएस६ पासून त्यात पॅटर्नचं पॅनल आहे, ‘ब्रिक बाय कॉलम’ निवडलं की हाफ-ड्रॉप (शेजारचा कॉलम अर्ध्या टाइलनं खाली) तयार. पण दरमहा भाडं भरणं आमच्या बऱ्याच मुलामुलींना झेपत नाही. इंकस्केपच्या टाइल्ड क्लोन्समध्ये (मूळ आकृतीशी जोडलेल्या नकला मांडायची सोय) सपाट पृष्ठभागावरच्या रिपीटचे सगळे १७ सममिती-प्रकार मिळतात. शिफ्टच्या टॅबमध्ये वाय-शिफ्टला दर कॉलमला ५० टक्के आणि अल्टरनेटवर टिक, की तोच हाफ-ड्रॉप. मूळ बुट्टीचा रंग बदला, सगळे क्लोन आपोआप बदलतात.

कुठल्याही बॅचला फाइल घेऊन या, वेगळी फी नाही. येताना पीडीएफ नको, इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइलच आणा. पीडीएफमध्ये क्लोन सुटे होतात आणि टाइल नीट तपासता येत नाही.