लोखंडी टपाची गाडी देता का कोणी?

नवी गाडी घ्यायची म्हटलं की हल्ली कोणी मायलेज विचारत नाही, सर्व्हिस कशी आहे विचारत नाही. पहिला प्रश्न एकच: "सनरूफ आहे ना?" मेहुणा विचारतो, शेजारचे काका विचारतात, आठवीतला पुतण्या विचारतो. त्यातही साधं सनरूफ सांगितलं तर तोंडं वाकडी होतात. पॅनोरॅमिक पाहिजे. पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत डोक्यावर काचच काच.

अहो, मी अकोल्यात राहतो!

२०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी जिथे कलम १४४ लावायची वेळ आली, ते अकोला. मार्च लागला की आम्ही कूलरचं गवत बदलतो, गच्चीला चुना मारतो, अंगणावर हिरवी नेट बांधतो. डोक्यावरचं ऊन अडवण्यात आमचं निम्मं आयुष्य जातं, आणि शोरूममधला पोरगा मला कौतुकाने सांगतो, "सर, केबिनमध्ये नॅचरल लाइट किती येतो बघा!" लाइट नको रे बाबा. लाइट आमच्याकडे भरपूर आहे. सावली असेल तर दाखव.

"शेड पण आहे ना सर." त्याने बटण दाबलं, घुंईं करत कापड सरकलं. मी आत बसून वर बघितलं, तर त्या कापडातून शोरूमचे दिवे मोजता येत होते. म्हणे काच काळपट आहे, यूव्ही अडवते. अडवत असेल. यूव्ही अडली म्हणून उकाडा अडत नाही. भर दुपारी कोर्टाच्या आवारात दोन तास उभी राहिलेली गाडी उघडून बघा, मग कळेल. लोखंडी पत्र्याची गाडीसुद्धा तापतेच, पण एसी लावला की आवरते तरी. इथे एसी खालून फुंकतोय आणि वरून काच शेकतेय. मागे बसलेली आई डोक्यावर पदर ओढून घेणार. गाडीत! एसी चालू असताना!

गंमत म्हणजे बाजूच्या काचेला उन्हासाठी काळी फिल्म लावायची सोय नाही. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, चौकात पोलीस पावती फाडतात. ठीक आहे, सुरक्षेचं कारण आहे, मान्य. पण म्हणजे बाजूने ऊन येणारच. राहिला होता एक टप, तोही काढून टाकला.

बरं, ज्याला हौस आहे त्याने घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. लोणावळ्याला बंगला असेल, महाबळेश्वरला जाणं-येणं असेल, खुशाल आभाळ बघा. माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच कारणाने. मला नको असलेली ही काच माझ्या गळ्यात का मारता?

मला काय पाहिजे ते मी कागदावर लिहून नेलं होतं. ऑटोमॅटिक, कारण बायकोचा गुडघा दुखतो. मागचा वायपर, कारण पावसाळ्यात शेगाव रोडने गेलं की मागची काच चिखलाने माखते. चारही चाकांना डिस्क ब्रेक. गार हवा सोडणाऱ्या सीट, म्हणजे व्हेंटिलेटेड. या शेवटच्या गोष्टीचा अकोल्यात खरा उपयोग आहे, असं मला वाटतं. पोराने यादी वाचली आणि म्हणाला, "सर, हे सगळं टॉपच्या खालच्या व्हेरिएंटला मिळेल. त्याला पॅनोरॅमिक येतंच." मी म्हटलं, काच वगळून दे. तर असा हसला, जणू मी स्टेअरिंग वगळून गाडी मागितली. आणि त्याच गाडीच्या दोन पायऱ्या खालच्या व्हेरिएंटला काय आहे? छोटं सनरूफ आहे, मागचा वायपर नाही! आभाळ दिसेल, मागून येणारा ट्रक दिसणार नाही. हे कोणत्या शहाण्याने ठरवलं?

फरक पावणेदोन लाखांचा. तो तेवढ्यावर थांबतो का? रोड टॅक्स आपल्याकडे किमतीच्या टक्क्यांत. दहा ते वीस लाखांतल्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. म्हणजे त्या पावणेदोन लाखांवर सरकारला आणखी एकवीस हजार, वर इन्शुरन्स वाढीव. कशासाठी? तर मे महिन्यात शेकून घेण्यासाठी.

आणि पावसाळा बाकीच आहे. लोकांना वाटतं सनरूफ म्हणजे रबर घट्ट बसवून पाणी अडवतात. तसं नसतं. थोडं पाणी आत येणार हे धरूनच ते बनवलेलं असतं. काचेच्या कडेने पन्हळ असते, कोपऱ्यांतून नळ्या निघतात, त्या खांबांच्या आतून पाणी खाली सोडतात. नळी चोक झाली की पाणी आत. माझ्या साडूची गाडी कडुनिंबाखाली उभी असते, आणि कडुनिंबाखाली का, तर टपाला काच आहे म्हणून सावली लागते! त्या निंबाचा बारीक पाला आणि मोहोर पन्हळीत जाऊन बसला. गेल्या पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटात आरशाजवळच्या छोट्या दिव्यातून टिपटिप सुरू झाली, नेमकी त्यांच्या मांडीवर. पायाखालचं कार्पेट चार दिवस कुबट वास मारत होतं. सर्व्हिस सेंटरवाल्याने हवेच्या प्रेशरने नळ्या मोकळ्या केल्या, बिल लावलं आणि वर शहाणपण शिकवलं, "साहेब, गाडी झाडाखाली लावत नका जाऊ." मग कुठे लावायची, उन्हात?

म्हणे मुलांना आवडतं. आवडतंच. समृद्धीवर बघा, गाडी शंभरच्या पुढे पळतेय आणि टपातून दोन पोरं कमरेपर्यंत बाहेर, हात पसरून. आतले आई-बाप मोबाइलवर व्हिडिओ काढतायत. उद्या ब्रेक लागला तर? बाहेर उभ्या पोराला कसला बेल्ट आणि कसली एअरबॅग! संक्रांतीच्या दिवसांत गावात नायलॉन मांजा लोंबकळत असतो, बाइकवाले गळ्याला मफलर गुंडाळून फिरतात, आणि आपले हे राजकुमार मान बाहेर काढून!

"रिसेलला फायदा होतो सर," हा शेवटचा बाण. म्हणजे पुढच्याला भाजायला सोपं जावं म्हणून आधी मी भाजून घ्यायचं.

काल परत त्याचा मेसेज आला, "सर, या महिन्यात ऑफर आहे, पॅनोरॅमिकवाल्यावर ॲक्सेसरीज फ्री." ॲक्सेसरीजमध्ये काय? सनशेड! टपाच्या काचेला आतून लावायची जाळी!

मी त्याला स्पष्ट कळवलंय. टॉपच्या खालचं व्हेरिएंट दे, वायपर दे, गार सीट दे, आणि वर साधा पत्रा ठोकून दे. पाहिजे तर पत्र्याचे वीस हजार जास्त लाव. रोख देतो.