मावशीनं तक्रार केली नाही

नाशिकच्या माझ्या मावशीनं राहतं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. वर्षभरात तिचा पलंग मागच्या गॅलरीत गेला आणि पेन्शनचं पासबुक, एटीएम कार्ड सुनेच्या कपाटात. फोनवर म्हणते, "बरं चाललंय गं, दोन वेळ जेवायला मिळतंय."

जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरच्यांत वाद चाललाय: दिलेलं परत मागतात का? कोर्टाच्या धाकानं कुणी आईला सांभाळतं का? मला विचाराल तर निकाल योग्यच आहे. माया धाकानं येत नाही हे खरं, पण डोक्यावरचं छप्पर येतं.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ याच्यासाठीच आहे. मात्र सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली होती, हे दाखवावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये याच कोर्टानं त्यावर बोट ठेवलं होतं. मावशीच्या कागदावर फक्त "प्रेमापोटी" एवढंच आहे. सांभाळाची एक ओळ घालायला कुणीच सुचवलं नाही. घरी कुणी बक्षीसपत्र करत असेल, तर ती ओळ घालायला लावाच.

कायदा तसा सोपा केलाय. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा, निर्वाहाचा निकाल नव्वद दिवसांत अपेक्षित. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. पण घेतलीच पाहिजे असं बंधन कुणावर नाही. शेवटी म्हातारीनंच पोटच्या पोराविरुद्ध सही करायची. ती कशी करेल?

मी कॅलिफोर्नियात राहते, बाबा माझ्याजवळ असतात. एकदा त्यांना घेऊन बँकेत मोठी रक्कम काढायला गेले, तर खिडकीवरच्या बाईनं मला लांब बसायला सांगितलं आणि बाबांना एकट्याला विचारलं, "पैसे कशासाठी? कुणी काढायला सांगितलेत का?" मला भयंकर राग आला. मी काय चोर आहे? नंतर कळलं, इथं २००७ पासून, पासष्टीपुढच्या माणसाची पैशाच्या बाबतीत पिळवणूक होतेय असा संशय आला तर बँकेच्या कर्मचाऱ्याला तो कळवावाच लागतो. डॉक्टर-नर्सनाही अशा छळाबद्दल गप्प बसता येत नाही. मावशीच्या बँकेत दर महिन्याला सूनच पासबुक भरून आणते. तिथं कुणी असं विचारलं असतं तर!

इथं सगळं छान आहे असं मुळीच नाही. नातवंडं सांभाळायला आणलेले, गाडी चालवता न येणारे, हातात स्वतःचा पैसा नसलेले आईवडील मी आपल्याच लोकांच्या घरांत पाहते. त्यांना कोण विचारतं? आपला २००७ चा कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, हेही आपल्यातल्या बहुतेकांच्या गावी नसतं.

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर मावशीला लिहून दिला होता. तिनं तो देवघरातल्या पोथीत ठेवलाय. पुढच्या महिन्यात नाशिकला जातेय. आधी तिला बँकेत नेणार, जुनं कार्ड बंद करून नवीन पासबुक काढणार. तिथल्या साहेबांना सांगणार, मला बाहेर बसवा आणि तिच्याशी एकटीशी बोला.