दोन याद्यांच्या मधली बाळंतीण

माझ्या मुलीने जन्मानंतरचे पहिले चार आठवडे अतिशय सभ्यपणे काढले. पाचव्या आठवड्यात एके दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता तिने टाहो फोडला आणि साडेदहाला तो तितक्याच शिस्तीने थांबवला. दुसऱ्या दिवशीही साडेसात, तिसऱ्या दिवशीही साडेसात. साताऱ्यातील आमच्या माहेरच्या घरात घड्याळाला इतका मान यापूर्वी कोणी दिला नव्हता.

मूल रडू लागले की ते का रडते असे आपल्याकडे कोणी विचारत नाही. आईला विचारतात, "काय खाल्लंस गं?" मी हा प्रश्न आजी, आई, मावशी आणि दूध टाकायला येणारे काका यांच्याकडून ऐकला आणि रोज माझ्या ताटाचा पंचनामा होऊ लागला. आजीने पहिल्याच बैठकीत वांगे, वाल, पावटा आणि हरभऱ्याची डाळ वातुळ म्हणून बाद केली. कराडच्या मावशीने फोनवरून कोबी, फ्लॉवर आणि बटाटा काढून घेतला. केळे, काकडी आणि ताक खाल्ल्याने बाळाला सर्दी होते, हे आईला तिच्या सासूने सांगितले होते आणि सासूच्या ज्या मोजक्या गोष्टी आईला पटत त्यांत ही एक होती. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई तर रोज चार घरच्या बाळंतिणी पाहणाऱ्या, त्यामुळे त्यांच्याकडे ताजी माहिती असे. "पल्याडच्या आळीतल्या बाळंतिणीनं शेंगदाणं खाल्लं, लेकराचं पोट नगाऱ्यावानी झालं," असे त्यांनी एका सकाळी सांगितले आणि दुपारपासून माझ्या जेवणातून शेंगदाण्याचा कूट गेला. कूट नसलेली भाजी साताऱ्यात आजारी माणसालाही देत नाहीत.

त्यातच सांगलीहून माझे सासरे नातीला पाहायला आले आणि येताना पिशवीभर कृष्णाकाठची वांगी घेऊन आले. वांगी पाहून आजीचा चेहरा असा झाला, की जणू व्याह्यांनी घरात साप आणून सोडला. पाहुण्यांचा मान म्हणून भरली वांगी झाली, बाबांनी चार खाल्ली, सासऱ्यांनी तीन, आणि मी आतल्या खोलीत वरणाच्या पाण्यात कालवलेला मऊ भात जेवत त्या रश्श्याचा वास घेत बसले. त्या रात्रीही मुलगी साडेसातलाच रडली. वास नाकातून दुधात उतरला असावा, असे आजीचे मत पडले.

एकच पदार्थ असा होता, की ज्याला कोणतीही मर्यादा नव्हती, आणि तो म्हणजे दूध. "दूध प्यालं की दूध येतं," हे आजीचे गणित होते. सकाळी शतावरी घातलेले दूध, दहा वाजता अळिवाची खीर, चार वाजता तुपात न्हालेला डिंकाचा लाडू, रात्री हळदीचे दूध, आणि भातावर तूप इतके, की भात शोधावा लागे. शिवाय बाळाला पाहायला येणारा प्रत्येक जण मोती चौकातून कंदी पेढ्यांचा खोका घेऊन येत असे. असे अकरा खोके आमच्या कपाटात होते आणि वातुळ नसलेला, सर्वसंमत आणि चविष्ट असा तेवढाच पदार्थ उरल्यामुळे मी त्यांना न्याय देत होते.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासले, वजन केले आणि ते छान वाढते आहे असे सांगितले. दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडणाऱ्या एरवी निरोगी बाळाला कॉलिक म्हणावे, अशी व्याख्या 1954 पासून वापरात आहे, हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, असे त्या म्हणाल्या. मी कोबीचा विषय काढला. कोबीतील चोथा आईच्या आतड्यात आंबून वायू होतो आणि तो आईलाच त्रास देतो. दूध तयार होते ते रक्तातून आणलेल्या घटकांपासून, त्यामुळे माझ्या पोटातला वायू दुधातून मुलीच्या पोटात जाण्याचा मार्गच नाही, हे त्यांनी समजावले. उलट पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, तेव्हा हे पथ्याचे खूळ सोडून पोटभर जेवा, असे बजावले.

"त्यांना पोरं झालीत का?" आजीने घरी विचारले. दोन आहेत, असे मी सांगितले. "मग त्यांच्या आईला विचारायला पाहिजे," आजी म्हणाली. पहिली यादी कायम राहिली.

आठव्या आठवड्यात मात्र एका सकाळी लंगोटात शेमेसोबत रक्ताची एक बारीक रेघ दिसली, आणि इतके दिवस मत देण्यात तरबेज असलेले घर एकदम गप्प झाले. आम्ही लगेच पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी शीच्या जागी चीर नाही ना ते पाहिले, वजन पुन्हा केले आणि दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असावी, असा अंदाज सांगितला. आईने घेतलेल्या दुधातील प्रथिनांचा अगदी सूक्ष्म अंश तिच्या दुधात उतरतो आणि काही थोड्या बाळांच्या आतड्याला तो सोसत नाही. उपाय असा, की तीन आठवडे मी दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा आणि तूप पूर्ण सोडायचे, मुलीला मात्र अंगावर पाजतच राहायचे आणि नंतर पुन्हा दूध पिऊन पाहायचे, म्हणजे दोष खरोखर दुधाचाच आहे का ते कळेल. बाकी सारे खायला मोकळीक होती. रिक्षा पोवई नाक्यावरून निघाली ती राजवाड्यापर्यंत आई एक शब्दही बोलली नाही.

मराठीत आईच्या दुधालाही दूध म्हणतात आणि म्हशीच्या दुधालाही, याचा त्रास त्या दिवशी मला प्रथमच झाला. "डॉक्टरांनी तिचं दूध बंद केलं," ही बातमी संध्याकाळपर्यंत कराडला पोहोचली होती आणि मावशी शेळी पाठवायला निघाली होती. शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात, की शेळी आणून काही साधणार नव्हते, हे पटवण्यात अर्धा तास गेला. तोवर बाबांना एक पळवाट सापडली होती. डॉक्टरांच्या कागदावर गाईचे दूध असे लिहिले होते आणि आमच्या घरी, किंबहुना त्या अकरा खोक्यांतही, म्हशीचे होते. फोनवर उत्तर मिळाले, की म्हैस ही या बाबतीत गाईची सख्खी बहीण समजावी. दुसऱ्या दिवशी बाबांनी लॅक्टोज नसलेले दूध शोधून काढले. लॅक्टोज ही साखर आहे, ती आईच्या दुधात दर 100 मिलिलिटरला सुमारे 7 ग्रॅम असतेच आणि आई काहीही खावो, ती स्तनातच तयार होते. दोष प्रथिनाचा आहे आणि ते त्या दुधातही शाबूत असते, असे कळल्यावर बाबांनी संशोधन थांबवले. कंदी पेढ्याचा खवा खरपूस भाजलेला असतो, त्यात दूध कोठे उरते, हा प्रश्न मात्र माझा स्वतःचा होता. त्याचेही उत्तर नाही असेच आले.

आता परिस्थिती अशी झाली, की आजीच्या यादीत दूध सोडून काहीच चालत नव्हते आणि डॉक्टरीणबाईंच्या यादीत दूध सोडून सगळे चालत होते. मी मधोमध उरले होते. दोन्ही याद्यांना मान्य असे भाकरी, मूग, शेपू, मेथी, खोबरे, खजूर, सांगलीचे बेदाणे आणि लसूण एवढेच निघाले. दुधी भोपळ्याकडे आजीने एक दिवस नुसत्या नावावरून संशयाने पाहिले. अळीव नारळाच्या दुधात शिजू लागले, कॅल्शियमसाठी गोळ्या, नाचणी आणि तीळ आले. बिस्किटांच्या पुड्यांवरील बारीक अक्षरात दुधाची भुकटी कोणकोणत्या नावांनी लपते, ते वाचण्यासाठी बाबांनी भिंग आणले. लसणाबाबत तर दोन्ही पक्षांत चक्क मैत्री झाली. आईच्या खाण्याची चव दुधात उतरते आणि 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आयांनी लसूण घेतल्यावर बाळे अंगावर अधिक वेळ प्याली, हे डॉक्टरीणबाईंकडून ऐकून आजी म्हणाली, "बाई हुशार आहे."

आजीला सोसवेना ती तूप नसलेली भाकरी. नातीने कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलेली तिने दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी, कोणाशी काही न बोलता, माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी तेल घालून वाढली. पुढच्या आठवड्यात पावट्याची उसळ आली. दहाव्या दिवशी भरले वांगे आले, तेही दोन. पन्नास वर्षे टिकलेली यादी तुपावाचून अशी हळूहळू विरघळली.

रक्ताची रेघ चौथ्या दिवशीच नाहीशी झाली होती. साडेसातचे रडणे मात्र दूध, वांगे आणि पावटा यांच्याशी काहीही देणेघेणे नसल्यासारखे चालूच राहिले आणि तिसरा महिना सरल्यावर एका संध्याकाळी आलेच नाही. तीन आठवडे झाल्यावर मी ठरल्याप्रमाणे एक कप दूध प्याले आणि सोबत एक कंदी पेढा खाल्ला. तो खाताना समोर पाच माणसे बसून माझ्या जबड्याकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी रेघ परत आली. बहुतेक मुलांना वर्षाचे होईपर्यंत दूध सोसू लागते, तोवर दोघींनीही दूर राहावे, असा निकाल लागला. उरलेले खोके आजीने स्वतः उचलून शेजारी वाटले आणि परत येऊन, "पेढाच होता मेला," असे अशा सुरात म्हणाली, की तिने तो पहिल्यापासून ओळखला होता.

सहाव्या महिन्यात उष्टावण झाले. दादाने मामाच्या अधिकाराने चांदीच्या वाटीतून नारळाच्या दुधातील खिरीचे बोट मुलीच्या ओठांना लावले. तिने ते जिभेने बाहेर ढकलले, मान वळवली आणि दादाच्या ताटातील लसणाच्या चटणीकडे दोन्ही हातांनी झेप घेतली. ताट वेळीच मागे ओढले गेले, तेव्हा तिने सकाळी अकरा वाजता साडेसातचा आवाज काढला.

"काय खाल्लं होतंस गं तू?" आजीने मला विचारले, आणि या वेळी ती हसत होती. सासऱ्यांनी सांगलीहून आणलेले वांगे माझ्या तोंडात असल्यामुळे मला उत्तर देता आले नाही.