दुसरी केबल कशाला गळ्यात मारता?

स्पीकरच्या मागे वायर जोडायची दोनाऐवजी चार टर्मिनल दिसली की दुकानदाराला गिऱ्हाईक नाही, बकरा दिसतो. "काका, बाय-वायरिंग करून घ्या, आवाज कसा खुलतो बघा!" माझ्या मामांना असंच गाठलं. रिटायर्ड माणूस, भीमसेनजींना निवांत ऐकावं म्हणून हौसेने सिस्टीम घेतली, तर बाय-वायरिंग म्हणून, म्हणजे स्पीकरच्या वरच्या जोडीला एक आणि खालच्या जोडीला दुसरी, अशी त्यांच्या माथी दुप्पट केबल मारली. तीही मीटरवर भाव लावून!

अरे, त्या दोन्ही केबल जातात कुठे? अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, त्याच एका टर्मिनलवर! अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर घ्या. ३ मीटर अंतराला जाऊन-येऊन रेझिस्टन्स भरतो जेमतेम ०.०५ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. त्या ०.०५ चे अर्धे केलेत म्हणून तानपुरा काय जास्त सुरात लागणार आहे?

एवढ्यावर पोट भरलं नाही, म्हणून मग बाय-अँपिंग, म्हणजे एकाच स्पीकरच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलला वेगवेगळा अँप. म्हणे रिसिव्हरचे, म्हणजे बऱ्याच चॅनेलच्या अँपचे, रिकामे चॅनेल वापरा, पॉवर डबल! कुठून येणार डबल? ट्रान्सफॉर्मर एकच, पॉवर सप्लाय एकच. आणि झालीच डबल, तरी वाढणार ३ डीबी (डेसिबल), म्हणजे आवाज जरासाच मोठा. खऱ्या बाय-अँपिंगमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट, अँपच्या आधी लागतो. गणपतीतल्या साउंडवाल्या पोराला विचारा, बेसला वेगळा अँप, टॉपला वेगळा, मध्ये क्रॉसओव्हर, सगळं धडाधड सांगेल. या एसी शोरूमवाल्यांना तेवढंही येत नाही.

आणि डोकं फिरलं ते पुढचं बघून. वरची-खालची टर्मिनल जोडणारी पितळी पट्टी असते ना, ती बाय-अँप करताना काढावीच लागते. नाही काढली तर दोन अँपची आउटपुट एकमेकांना भिडतात, अँप जळू शकतो. मी स्पीकरमागे टॉर्च मारला, तर दोन्ही स्पीकरच्या मिळून चारही पट्ट्या नॉबखाली घट्ट आवळलेल्या! दुकानाचाच माणूस जोडून गेला होता. नशीब, मामांनी अजून बटण दाबलं नव्हतं.

खोलीत गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले, मग आवाज घुमणारच. त्याबद्दल चकार शब्द नाही. एक जाड सतरंजी अंथरा म्हणून सांगितलं असतं तरी उपकार झाले असते. पण सतरंजीत यांना कमिशन कुठलं?

पैसे परत मागितले तर म्हणे, "कापलेली केबल परत घेत नाही." अरे, कापली कोणी? तुमच्याच माणसाने ना!