जुन्या रायफलीची नळी कापू नका

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या बागायतदारांत एक निरोप फिरतोय: जुन्या रायफलीचा नेम चुकू लागला की नळी टोकाकडून थोडी कापून घ्यावी. कृपया असं करू नका. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 6 नुसार वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे.

नेम बिघडायला बहुतेकदा साधी कारणं असतात. दुर्बिणीचे स्क्रू ढिले होतात, नळीत तांब्याचा थर बसतो. आपल्याकडचा पावसाळा तर लाकडी दस्त्याचा वैरीच. लाकूड फुगतं आणि नळीला एका बाजूने रेटतं. नळी दस्त्याला न टेकता मोकळी ठेवलेली रायफल असेल तर ती रिकामी असल्याची खात्री करून नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा. अडकली, तर तिथेच शंका घ्या. साफसफाई शक्यतो नळीच्या मागच्या बाजूने करा, नाहीतर सळई घासून नळीच्या तोंडाची कड खराब होते आणि नेम बिघडतो.

त्या निरोपात खरं एवढंच की ठेचलेली कड नीट करावी लागते. पण ते काम परवानाधारक कारागिराचं, घरच्या करवतीचं नव्हे.