कन्सोल यायच्या आधी जाणकार व्हा

प्लेस्टेशन ६, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा पुढचा कन्सोल, कधी येणार, तुम्हाला काहीच ठाऊक नाही म्हणता? मग तुम्ही पात्र आहात. ज्यांना ठाऊक आहे ते सोनीत नोकरीला आहेत आणि तोंड बंद ठेवायच्या करारावर सही करून बसलेत. ते बिचारे या क्षेत्रात काही नाव काढू शकत नाहीत. मैदान आपल्यासारख्यांना मोकळं आहे.

मुहूर्तही चांगला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनची रचना करणारे सोनीचे मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे जॅक हुइन एका व्हिडिओत एकत्र आले आणि पुढच्या पिढीच्या ग्राफिक्ससाठी आपण मिळून काय करतोय ते सांगून गेले. सर्नींनी हेही स्वच्छ सांगितलं की हे सगळं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये आहे, आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणायला आपण उत्सुक आहोत. साध्या माणसाने यावरून एवढंच ओळखलं असतं की अजून काही तयार नाही. पण तुम्ही आता साधे राहिला नाहीत. जी वस्तू सिम्युलेशनमध्ये आहे तिची किंमत तुम्हाला आज रात्री जेवणाआधी ठरवायची आहे. ती महाग आहे म्हणून सोनीवर चिडायचं आहे, आणि जो महाग नाही म्हणेल त्याच्याशी कायमचं बोलणं सोडायचं आहे. बाजारात तुरी नसतानाही हाणामारी होऊ शकते हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलंय. इथे तर तुरी पेरायचं शेतही अजून संगणकातच आहे.

तारखेपासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं. पहिला प्लेस्टेशन १९९४ चा, मग २०००, २००६, २०१३ आणि २०२०. मधली अंतरं सहा, सहा, सात, सात. म्हणजे २०२७ म्हणा नाहीतर २०२८. चौथीतल्या मुलाला जमेल अशी ही वजाबाकी आहे, त्यामुळे ती तुम्ही केलीत असं चुकूनही सांगू नका. ‘पुरवठा साखळीतल्या सूत्रांकडून कळलं’ असं सांगा. सूत्रं कोणती, असं कुणी विचारलं तर ‘त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे’ म्हणून गप्प बसा. या गप्प बसण्याला जितका मान मिळतो तितका बोलण्याला मिळत नाही.

भाषा पंचांगातल्या संवत्सरफलाकडून शिका. ‘पर्जन्यमान मध्यम, क्वचित अतिवृष्टी, काही प्रांतांत टंचाई’ यात न बसणारं वर्ष अजून उगवायचं आहे. तुमचं भाकीतही असंच हवं: ‘घोषणा लवकरच, बहुधा या आर्थिक वर्षात, कंपनीने ऐनवेळी बेत बदलला नाही तर.’ हे शेवटचे शब्द विसरू नका, तुमची सगळी अब्रू त्यांच्यावर उभी आहे. घोषणा झाली तर तुम्ही बरोबर. नाही झाली तर कंपनीने बेत बदलला, आणि बेत बदलल्याचं सगळ्यात आधी तुम्हालाच कळलं.

वार मात्र नेमका सांगावा, त्याने वजन येतं. ७ मे २०२४ ला सोनीची स्पर्धक असलेल्या निन्टेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जाहीर केलं की स्विच या आपल्या कन्सोलच्या वारसाची घोषणा याच आर्थिक वर्षात, म्हणजे मार्च २०२५ अखेरपर्यंत होईल. झालं. त्यानंतरचा प्रत्येक आठवडा ‘तो’ आठवडा ठरला. मूळ स्विचची पहिली झलक २० ऑक्टोबर २०१६ ला दाखवली गेली, तो गुरुवार होता. म्हणून गुरुवारवाल्यांचा एक पंथच निघाला. ऑक्टोबर २०२४ उजाडला तशी पंथात धामधूम वाढली. आणि निन्टेंडोनेही भक्तांना निराश केलं नाही, खरोखरच नवं हार्डवेअर जाहीर केलं. ते गजराचं घड्याळ होतं. अलार्मो नावाचं, ९९.९९ डॉलरचं. तुम्ही अंथरुणात कूस बदलली की त्याला कळतं आणि उठेपर्यंत ते मारिओचे आवाज काढत राहतं. (माझं मत विचाराल तर इतकं समयोचित उत्पादन त्या कंपनीने दुसरं काढलं नसेल. वर्षभर रात्री जागून लीक शोधणाऱ्यांना सकाळी उठवायला काहीतरी हवंच होतं.) त्याच महिन्यात क्योटोजवळच्या उजी शहरात, जिथे कंपनी एकेकाळी पत्ते बनवायची त्या जुन्या कारखान्यात, निन्टेंडोचं संग्रहालय उघडलं. महिनाअखेरीस जुनी गाणी ऐकायचं अ‍ॅपही आलं. कन्सोल सोडून सगळं आलं.

शेवटी १६ जानेवारी २०२५ ला स्विच २ दाखवला. वार गुरुवार. पंथातले लोक आजही ताठ मानेने फिरतात. आधीचे ठोकलेले सगळे गुरुवार कुणी मोजत बसत नाही, आणि तुमचेही कुणी मोजणार नाही.

आता पेटंटकडे वळा. पेटंट हा जाणकाराचा खरा ग्रंथ आहे, कारण तो कुणी वाचत नाही, फक्त त्यातली चित्रं बघतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्राझीलमध्ये नोंदवलेलं सोनीचं एक रेखाचित्र बाहेर आलं: मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल खाच, तिच्या दोन्ही बाजूंना हवा खेळायच्या जाळ्या. व्ही म्हणजे रोमन पाच! आणखी काय पुरावा हवा? लगोलग रंगीत चित्रं निघाली, कुणी त्यात निळे दिवे लावले, कुणी ती टीव्हीखाली मांडून दाखवली. ते होतं गेम बनवणाऱ्या स्टुडिओंना चाचणीसाठी द्यायचं यंत्र. दुकानात ते कधी येणारच नव्हतं. जून २०२० मध्ये खरा प्लेस्टेशन ५ दिसला तेव्हा पांढरी कॉलर वर केलेला जवळपास ३९ सेंटीमीटर उंचीचा ठोकळा समोर उभा होता, आणि लोकांनी त्याला वाय-फाय राउटर ठरवलं. त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलला फ्रिज म्हणून झालंच होतं. मायक्रोसॉफ्टने ते इतकं मनावर घेतलं की २०२१ मध्ये त्याच आकाराचा छोटा फ्रिज खरोखर विकायला काढला. चाहत्यांच्या चेष्टेतून प्रत्यक्षात उतरलेलं असं दुसरं उपकरण मला तरी आठवत नाही.

पेटंट मिळालं नाही तर स्वतः वस्तू बनवा. २०१६ मध्ये निन्टेंडोच्या ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाच्या कन्सोलची, म्हणजे पुढे जो स्विच झाला त्याची, अख्खं जग वाट बघत होतं. तेव्हा मार्चमध्ये एका अंडाकृती कंट्रोलरचे फोटो आले, पुढची सगळी बाजू म्हणजे स्क्रीन, त्यातून खेळ चालवायच्या दोन काड्या वर आलेल्या. निन्टेंडोच्या एका जुन्या पेटंटात तसंच चित्र होतं, म्हणून लोकांनी लगेच मान्य केलं. काही दिवसांनी पांढऱ्याच्या जोडीला काळाही आला. मग दोन्ही बनवणाऱ्यांनी ‘हे आम्हीच घडवलं’ म्हणून कबुली दिली आणि कसं घडवलं तेही दाखवलं. त्याआधी २००५ मध्ये तर एका पठ्ठ्याने ‘निन्टेंडो ऑन’ नावाच्या, डोक्यावर हेल्मेटसारख्या चढवायच्या कन्सोलची अख्खी जाहिरात घरी बसून तयार केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात टोकियोत निन्टेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवातांनी खरा कंट्रोलर काढून दाखवला, तर तो टीव्हीचा रिमोट निघाला. तो कन्सोल म्हणजे वी. दहा कोटींच्या वर विकला गेला. चाहत्यांच्या हेल्मेटपेक्षा तो दिसायला खूपच गरीब होता, हे मान्य केलंच पाहिजे.

एक सावधगिरी बाळगा: खऱ्या बातमीपासून लांब राहा. जुलै २०१६ मध्ये युरोगेमर या गेमविषयक संकेतस्थळाने छापलं की एनएक्स हातात धरायचा असेल, त्याच्या दोन्ही कडांचे कंट्रोलर सुटे होतील आणि घरी आल्यावर तो टीव्हीला जोडता येईल. अक्षर न् अक्षर खरं निघालं. पण तेव्हा जाणकारांना ते पटेना. इतकं साधं? आणि टीव्हीखालच्या दणकट यंत्राचं काय? अंड्यावर ज्यांचा विश्वास बसला होता त्यांचाच सुट्या कंट्रोलरवर बसला नाही. म्हणून सांगतो, तुमच्या हाती कधी चुकून खरी माहिती लागलीच तर तिच्यात थोडं हेल्मेट मिसळा.

आकड्यांशिवाय तुमचं बोलणं कुणी ऐकणार नाही, तेव्हा टेराफ्लॉप हा शब्द पाठ करा. एका सेकंदात एक लाख कोटी गणितं, असा त्याचा अर्थ. अर्थ कळला नाही तरी चालतो, भांडायला आकडा पुरतो. १८ मार्च २०२० ला, जग दारं लावून घरात बसत असताना, सर्नींनी प्लेस्टेशन ५ वर एक तांत्रिक व्याख्यान दिलं. एसएसडी या वेगवान साठवणीमुळे काय बदलेल, आवाज कानाभोवती कसा फिरेल, असं बरंच काही होतं त्यात. वेगवेगळ्या पिढीच्या चिपांचे टेराफ्लॉप शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही, हेही त्यांनी समजावलं. लोकांनी त्यातून १०.२८ उचललं, एक्सबॉक्सचं १२ शेजारी ठेवलं आणि पुढचे अनेक महिने लढाई केली. बारावाले जिंकले. विक्रीत दहावाले पुढे गेले, पण तो विषय वेगळा. या लढाईत कुणी मूळ स्विचचं नाव काढलं तर ऐकू आलं नाही असं दाखवा. टीव्हीला जोडल्यावरही तो अर्ध्या टेराफ्लॉपच्या आतच असतो, आणि तो पंधरा कोटींवर खपला.

स्विचवरून आठवलं, ‘प्रो’ हा शब्द कायम खिशात ठेवा. प्रत्येक कन्सोलची एक जास्त ताकदीची ‘प्रो’ आवृत्ती हवेत तरंगत असते. स्विच प्रो येणार, फोर-के म्हणजे जास्त स्पष्ट चित्र दाखवणार, अशी चर्चा २०१९ पासून सुरू होती. मार्च २०२१ मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेनेही तसं छापल्यावर शंकेला जागाच उरली नाही. ६ जुलैला निन्टेंडोने नवा स्विच जाहीर केला: सात इंची, जास्त उठावदार रंगांचा ओएलईडी पडदा, पाठीमागे रुंद स्टँड, टीव्हीला जोडायच्या डॉकला इंटरनेटची वायर लावायची जागा. चिप तीच, फोर-के नाहीच. त्या दिवशी लोकांचा असा काही संताप झाला, जणू दिलेलं वचन कंपनीने मोडलं होतं. वचन कुणी दिलं होतं, ते विचारायचं धाडस मात्र कुणी केलं नाही.

भारतात राहून जाणकारी करणाऱ्यांचं काम दुप्पट आहे. जगाने आधी ‘कधी येणार’ विचारायचं, आपण आधी ‘येणार का’ विचारायचं. प्लेस्टेशन ५ बाकी बहुतेक जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. आगाऊ नोंदणी उघडली आणि काही मिनिटांत संपली. मधल्या काळात उशिराची कारणं शोधायला आपल्याला सोन्यासारखा विषय मिळाला होता: ‘पीएस५’ या नावाचा ट्रेडमार्क अर्ज भारतात सोनीच्याही आधी दुसऱ्याच कुणीतरी भरून ठेवला होता! पुढे तो मागे घेतला गेला. पण तोवर आपल्याकडच्या कित्येकांना ट्रेडमार्क कायद्यातलं बरंच काही पाठ झालं होतं.

खरी मौज प्लेस्टेशन ५ प्रोची झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये घोषणा, ७०० डॉलरला एक सेंट कमी. इकडे जाणकार कामाला लागले: सीमाशुल्क किती, रुपयात ७० हजार की ८०, डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यायचा तर त्याचे किती, दिवाळीच्या आत की नंतर. पै न पैचा हिशेब झाला. आणि प्रो तेव्हा भारतात आलाच नाही. कारण? त्यातल्या नव्या वाय-फायला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो, आणि भारतात तो पट्टा तेव्हा वाय-फायसाठी खुला नव्हता. चिपा, पेटंटं, शिपिंगचे कागद, सगळं उलटंपालटं करून बघणाऱ्यांपैकी कुणाच्याही सूत्रांना दूरसंचार खात्यात चौकशी करावीशी वाटली नाही. प्लेस्टेशन ६ च्या बाबतीत ही चूक टाळायची असेल तर आतापासून राजपत्र वाचायची सवय लावा. फार लोक येणार नाहीत तुमच्या मागे, कारण राजपत्रात रंगीत चित्रं नसतात.

निन्टेंडोवाल्यांना तर हाही त्रास नाही. स्विच भारतात कंपनीकडून अधिकृतपणे कधी आलाच नाही, त्यामुळे त्याच्या आगमनाची तारीख लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरवर ठरते, नाहीतर न्यू जर्सीहून गणपतीला येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेत किती जागा उरते त्यावर. पुरवठा साखळीतलं खरंखुरं सूत्र हवं असेल तर मावशीला फोन करा.

आणि विकत घ्यायची घाई अजिबात नको. कन्सोल घरात आला की खेळावं लागतं, आणि खेळायला बसलेल्या माणसाचा अंदाज बांधायचा वेळ फुकट जातो. स्विच २ च्या पहिल्या व्हिडिओत कंट्रोलरवर एक कोरं बटण दिसलं होतं. २ एप्रिल २०२५ ला कंपनीने उलगडा करेपर्यंत त्या बटणावर जेवढं लिहिलं-बोललं गेलं तेवढं त्याच्या वापरावर नंतर झालं नाही. ते मित्रांशी गप्पा मारायचं बटण निघालं. अडीच महिने त्याने जो आनंद दिला तो गप्पांनी काय दिला असता!

५ जूनला यंत्र बाजारात आलं आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर खपलं. त्यातले जाणकार खोका उघडल्या उघडल्या पडद्याकडे गेले: ७.९ इंच, आणि एलसीडी. ओएलईडी नाही! म्हणजे पुढचं भाकीत सोबतच पॅक होऊन आलंय. ते तुम्ही आजच करून टाका. फक्त गुरुवार सोडून दुसरा कुठलातरी वार धरा, गुरुवारला फार गर्दी असते.